मिसुरीकाठची शेती, दोन जुनी पुस्तकं आणि उंदराशी केलेला सौदा

भटका भोपळा (९ फेब्रुवारी)

अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहात येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच 'मक्याचा मुलूख' एवढ्याच समजुतीत गेली. गावाबाहेर गाडी काढली की मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका, पार नजर पोचेपर्यंत. पाट्यांवरची नावं तेवढी निराळी: ओमाहा, पोंका, पॉनी सिटी. ही सगळी इथल्या मूळ जमातींची नावं. माणसं हलवली, पाट्या राहिल्या.

मागच्या महिन्यात बर्फाने तीन दिवस घरात कोंडलं, तेव्हा मेल्विन गिलमोर या माणसाचं पुस्तक वाचायला घेतलं. १९१९ साली ब्युरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी या सरकारी संस्थेच्या वार्षिक अहवालात छापलेलं. नाव 'यूजेस ऑफ प्लांट्स बाय द इंडियन्स ऑफ द मिसुरी रिव्हर रीजन', म्हणजे नावातच जांभई यावी. मांडणीही तशीच. आधी झाडाचं लॅटिन नाव, मग डाकोटा, ओमाहा-पोंका, विनेबागो आणि पॉनी भाषांतली नावं, मग उपयोग. पंचांग वाचावं तसं वाचत होतो, आणि एका वेलीपाशी थांबलो.

घेवड्याच्या जातीची रानवेल आहे ही. हिला दोन ठिकाणी शेंगा लागतात. वरच्या फांद्यांना बारीक शेंगा, आणि जमिनीलगत सरपटणाऱ्या फांद्या मातीत शिरून तिथे एकेक टपोरा दाणा धरतात, आपल्या भुईमुगासारखा. हे दाणे उकरायचे म्हणजे जीव मेटाकुटीला. पण एक रानउंदीर ते काम करतो. हिवाळ्यासाठी दाणे गोळा करून बिळात कोठार भरून ठेवतो. डाकोटा बायका पानगळ सरता सरता काठीने जमीन चाचपत ती कोठारं शोधायच्या आणि दाणे काढून घ्यायच्या. पण फुकट नाही! घेतलेल्या दाण्यांच्या जागी मक्याचे दाणे किंवा चरबीचा तुकडा ठेवायचा. काही न ठेवता उचलून नेणं म्हणजे पाप. उंदरालाही पोरंबाळं आहेत, त्याचाही हिवाळा निघायला हवा.

गिलमोरला ही गोष्ट इतकी आवडली असावी की पुढे त्याने या वेलीवर आणि उंदरावर वेगळा लेखच लिहिला.

हा गिलमोर १८६८ चा, नेब्रास्कातच जन्मलेला. नेब्रास्का राज्य झालं त्याच्या आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये. म्हणजे गवताळ माळ नांगराखाली येताना बघत तो वाढला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घ्यायचे, झाडच नाही म्हणून मुळांसकट गवताची ढेकळं कापून त्यांच्या भिंती रचायच्या आणि त्यात राहायचं, हे त्याच्या आसपास रोज चाललेलं. बाकीचे नांगर धरत होते तेव्हा हा ओमाहा आणि पॉनी म्हाताऱ्यांना विचारत बसला: नांगराखाली जातंय त्याला तुम्ही काय म्हणता? पुढे नेब्रास्का आणि नॉर्थ डाकोटाच्या इतिहास संस्थांमध्ये संग्रहालयाचं काम केलं, आणि १९३० मध्ये मिशिगन विद्यापीठात एथ्नोबॉटनीची, म्हणजे लोक झाडं कशी वापरतात याच्या अभ्यासाची, प्रयोगशाळा उभी केली. त्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक तक्रार आहे: या देशातली कितीतरी जमीन वाया जाते, कारण तिथे आपसूक जे उगवतं ते आमच्या लोकांना खायला चालत नाही. तेही चव घेऊन नावडलं म्हणून नव्हे, माहीतच नाही म्हणून.

दुसरं पुस्तक मला जास्त लागलं. गिल्बर्ट विल्सन नावाचा एक पाद्री १९०६ पासून नॉर्थ डाकोटातल्या फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या मुलखात, जायला लागला. तिथे हिदात्सा जमातीची माक्सिदिविआच नावाची बाई होती, इंग्रजीत तिला 'बफेलो बर्ड वुमन' म्हणतात. जन्म १८३९ च्या आसपासचा. ती हिदात्सात सांगायची, तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड इंग्रजी करायचा, विल्सन लिहून घ्यायचा. विषय एकच, शेती. पेरणी कशी, राखण कशी, कणसं कुठे वाळवायची, बी कुठलं ठेवायचं. १९१७ मध्ये तो विल्सनचा डॉक्टरेटचा प्रबंध म्हणून छापला, पण बोलते ती. सगळं 'मी' आणि 'आम्ही' करत.

एकच जागा सांगतो. तिची टर्टल नावाची आजी होती. गोऱ्या व्यापाऱ्यांकडून लोखंडी कुदळी घरोघर आल्या तरी म्हातारी शेवटपर्यंत टोकदार काठी आणि रानगव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळ हेच वापरायची. कुदळ ठेवायची आपल्या अंथरुणाखाली. पोरांनी तिला हात लावला की ओरडायची, ठेव ती, मोडशील!

माझ्या पणजीचा अडकित्ता असाच उशाखाली असायचा.

तुमच्यापैकी कुणी यांचं वाचलंय का? आणि आपल्याकडे अशा नोंदी कुणी केल्यात का? जंत्री नकोय, कुणीतरी 'मी असं करायचे' म्हणून सांगितलेलं.

---

शेवंती (९ फेब्रुवारी)

अंथरुणाखालची कुदळ! अगदी डोळ्यांपुढे आली आजी. भोपळेराव, अजून लिहा. राखणीचं काय ते विस्ताराने सांगा ना, लहानपणी आम्ही ज्वारीवर पाखरं हाकायला जायचो.

---

टिंबटिंब (१० फेब्रुवारी)

एक तांत्रिक मुद्दा. 'एथ्नोबॉटनी' हा शब्द १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन हार्शबर्गरने वापरात आणला. मराठीत 'लोकवनस्पतिशास्त्र' असं काही करता येईल, पण ते उच्चारेपर्यंत झाड वाळेल. 'झाडपाल्याची जाण' हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, तो का नको?

अवांतर: रानगवा म्हणू नका. तो बायसन. गवा वेगळा.

---

भटका भोपळा (१० फेब्रुवारी)

@टिंबटिंब, गव्याबद्दल कान पकडले. पण 'झाडपाल्याची जाण' म्हटलं की नुसती औषधं डोळ्यांपुढे येतात. यात पेरणी आहे, साठवण आहे, गाणी आहेत.

@शेवंती, घ्या राखण. शेतात एक झाड राखून ठेवायचं किंवा खांब रोवायचे, त्याच्या सावलीत लाकडी माळा, वर चढायला शिडी. कणसं भरायला लागली की दहा-बारा वर्षांपासून पुढच्या मुली जोडीजोडीने त्यावर बसायच्या. शत्रू कोण कोण? कावळे, जमीन पोखरणारे गोफर, मोकाट घोडी आणि कोवळी कणसं चोरणारी गावातली पोरं. माळ्यावरून गाणी म्हणायच्या, त्यातली बरीचशी जाणाऱ्या येणाऱ्या पोरांना टोमणे मारणारी. बफेलो बर्ड वुमन सांगते, मक्याला आम्ही लेकरासारखं जपायचो, आणि आईचं गाणं लेकराला आवडतं तसं मक्यालाही आमचं गाणं आवडत असणार असं आम्हाला वाटायचं.

---

शेवंती (१० फेब्रुवारी)

आमच्याकडे माळा होता, गोफण होती, पत्र्याचा डबा बडवणं होतं. गाणी मात्र कापणीची, भलरी. राखण एकट्यानेच करायची असायची. मला ओरडायचाच कंटाळा यायचा, म्हणून मी डबा बडवता बडवता पाढे म्हणायचे. सतराचा पाढा ज्वारीने ऐकलाय माझा.

---

हरिपूरची लेक (११ फेब्रुवारी)

धागा वाचून न राहवून खातं उघडलं. साठवण म्हणालात म्हणून विचारते, ही माणसं धान्य ठेवायची कशात?

---

भटका भोपळा (११ फेब्रुवारी)

जमिनीत खड्डा करून! तोंड अरुंद, आत रुंद, सुरईच्या आकाराचा. खणायचं काम बायकांचं, आत उतरायला शिडी. तळाला विलोच्या काठ्या आणि वाळकं गवत अंथरायचं. कणसांच्या वेण्या घालून त्या भिंतीलगत रचायच्या, एका वेणीत चोपन्न-पंचावन्न कणसं. मधल्या पोकळीत सोललेला मका, आणि त्याच्या पोटात वाळवलेल्या भोपळ्याच्या काचऱ्यांच्या माळा, म्हणजे ओल लागली तर आधी मक्याला लागेल, भोपळा वाचेल. मग तोंडावर लाकडं, गवत, कातडं, माती, आणि सगळ्यांत वर चुलीतली राख आणि केर पसरायचा. लुटायला येणाऱ्या सू जमातीच्या लोकांना जागा कळू नये म्हणून.

---

हरिपूरची लेक (११ फेब्रुवारी)

अहो, हे तर पेव!!

सांगलीजवळचं आमचं हरिपूर हळदीच्या पेवांचं गाव. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीएवढी पोकळी. हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, भाडं नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची. आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकायलाच बंदी होती, त्यामुळे अर्थातच आम्ही तिथेच खेळायचो. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं हळदीसकट गेली. पाणी ओसरल्यावरचा तो वास अजून नाकात आहे.

राखेची युक्ती मात्र आमच्याकडे नव्हती. आमच्या पेवांवर कुणाची धाड यायची? व्यापाऱ्याचीच.

---

टिंबटिंब (११ फेब्रुवारी)

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या किती जणांनी पेव पाहिलं असेल? मी पाहिलेलं नाही. हरिपूरच्या ताईंचे आभार.

---

हिरडा बेहडा (१२ फेब्रुवारी)

मी वैद्य. गिलमोरचं पुस्तक पूर्वी चाळलं होतं ते वेखंडासाठी. हो, आपलं बाळगुटीतलं वेखंड. मिसुरीकाठी ते तापावर, खोकल्यावर, दातदुखीवर आणि पोटातल्या वातावर द्यायचे, म्हणजे आपल्या निघंटूंशी बऱ्यापैकी जुळतं. डाकोटा भाषेतलं नाव 'शिंक्पे-ता-वोते', अर्थ मस्करॅटचं खाणं. मस्करॅट म्हणजे पाणथळ जागी राहणारा मोठा उंदीर. (या धाग्यात उंदीर फार झाले.) आपल्याकडे नाही असा एक उपयोग तिथे आहे. लढाईला जाताना डाकोटा योद्धे मूळ चावून त्याचा लगदा चेहऱ्याला फासायचे, शत्रूसमोर भीती वाटू नये म्हणून.

पण हे वाचून कुणी घरचं वेखंड चघळायला घेऊ नका. अमेरिकेतलं मूळचं वेखंड जनुकांच्या हिशेबाने वेगळं आहे, त्यात बीटा-असारोन हे द्रव्य नसतं. आपल्यात असतं, आणि ते जास्त प्रमाणात घातक. १९६८ मध्ये अमेरिकेने वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. रुग्ण मला सांगतात, 'झाडपालाच आहे, त्याने काय होतंय?' त्यांच्यासाठी हा परिच्छेद.

आता एक सरहद्दीवरची गोष्ट. एकिनेशिया माहीत असेल, सर्दीच्या गोळ्यांवर जांभळं फूल छापलेलं असतं ते. गिलमोर लिहितो, त्या मुलखात याच्याइतकं बहुगुणी मानलेलं दुसरं झाड नाही. सर्पदंश, दातदुखी, भाजणं, सगळ्यांवर तेच. १८८० च्या सुमाराला पॉनी सिटीत मेयर नावाचा एक जर्मन, पदवी वगैरे नसलेला डॉक्टर, याचंच रक्तशुद्धीचं औषध करून विकायचा. त्याने सिनसिनाटीच्या लॉइड या नामांकित औषधवाल्यांना कळवलं की हे विषावर रामबाण आहे, हवं तर मी तिकडे येतो, तुमच्यासमोर मला रॅटलस्नेक चावू द्या. लॉइडना हा भोंदू वाटला. त्यांनी नको म्हटलं, हे त्याचं नशीब. पुढे लॉइडनीच ते औषध काढलं आणि धो-धो विकलं. नाव मेयरचं झालं, पैसा लॉइडचा झाला. मूळ ज्यांनी दाखवलं ते बाटलीवर कुठे आहेत?

---

निरुपद्रवी (१२ फेब्रुवारी)

वैद्यबुवांचा शेवटचा प्रश्न धरून बोलतो, थोडं कडू लागेल.

विल्सनची फार स्तुती चाललीय. त्या प्रबंधावर डॉक्टरेट कुणाला मिळाली? विल्सनला. १९१७ च्या मूळ पुस्तकाच्या नावात बफेलो बर्ड वुमनचं नाव आहे का? नाही. 'अ‍ॅग्रिकल्चर ऑफ द हिदात्सा इंडियन्स: अ‍ॅन इंडियन इंटरप्रिटेशन'. कुठली इंडियन, ते नाही. तिचं नाव शीर्षकात आलं १९८७ च्या पुनर्मुद्रणात, ती जाऊन पंचावन्न वर्षं झाल्यावर.

आणि अजून एक. १९०७ मध्ये याच विल्सनने तिच्या भावाकडून, वुल्फ चीफकडून, त्यांच्या कुळाचं देवाचं गाठोडं विकत घेतलं. वॉटरबस्टर कुळाचा तो पवित्र ठेवा, पाऊस आणणारा म्हणून मानलेला. ते गेलं न्यूयॉर्कला, हाये नावाच्या श्रीमंत संग्राहकाकडे. कुळाने मागून मागून १९३८ मध्ये ते परत मिळवलं. आपल्या गावच्या देवीचा टाक कुणी पाहुण्याने पुजाऱ्याकडून विकत नेला तर आपण त्या पाहुण्याला 'संवेदनशील अभ्यासक' म्हणू का?

---

शेवंती (१२ फेब्रुवारी)

हे माहीत नव्हतं. वाचून चटका बसला.

---

भटका भोपळा (१३ फेब्रुवारी)

निरुपद्रवी, नाव बदला राव.

गाठोड्याचं खरं आहे. त्याचं समर्थन करत नाही. वुल्फ चीफ तेव्हा ख्रिस्ती झाला होता, विकणारा तोच होता, असं म्हणता येतं. पण ज्या काळात रिझर्व्हेशनवर जुने विधी करणं सरकारच्या डोळ्यांत खुपायचं, त्या काळातल्या 'राजीखुशी'ला किती अर्थ?

तरी पुस्तकाचं मात्र माझं मत बदलत नाही. त्या काळचे बहुतेक अभ्यासक 'हे लोक अमुक करतात, तमुक मानतात' असं लिहायचे, जणू मुंग्यांचं वारूळ बघतायत. विल्सनने तिला बोलू दिलं. ती बोलताना तक्रारी करते, बढाया मारते, स्वतःला खोडते, आणि त्याने ते पुसलेलं नाही. सरकारने नवी बियाणी दिली त्यावर ती म्हणते, काही लावून बघितली, काही आवडली नाहीत, काही आमच्यापेक्षा कमीच होती. बटाट्याला तर तिने नाकच मुरडलंय. सरकारी माणसं माळावरची जमीन नांगरायला सांगतात, आमची नदीकाठची मऊ माती सोडून, यावरही राग आहे. शेण-लीद शेतात नको म्हणते, त्यातून तण येतं, आणि हे तण गोऱ्यांबरोबर आलं. हे एका बाईचं बोलणं आहे. 'जमातीची श्रद्धा' म्हणून त्याचा रस्सा केलेला नाही.

---

निरुपद्रवी (१३ फेब्रुवारी)

तेवढं मान्य. पण मग मुखपृष्ठावर 'लेखिका' म्हणून तिचंच नाव हवं आणि 'शब्दांकन' विल्सन. आपल्याकडे शब्दांकन करणाऱ्याचं नाव बारीक टायपात असतं, ते उगाच नाही.

---

पोफळी (१४ फेब्रुवारी)

गोंयच्यान नमस्कार. नावांचा विषय निघालाच आहे तर आमच्या माणसांची एक गोष्ट.

'हॉर्टस मलबारिकस' ऐकलं असेल. कोचीचा डच अधिकारी व्हॅन रीड याने केरळातल्या झाडांवर करवून घेतलेले बारा खंड, अ‍ॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापलेले. त्यात सुरुवातीलाच माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रं छापली आहेत. एक ईट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याचं. दुसरं रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचं, कोंकणीत आणि नागरी अक्षरात. कोचीला स्थायिक झालेले कोंकणी ब्राह्मण हे. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत कोरलेली आहेत. तीनशे वर्षांपूर्वीचा डच सरदार माहिती देणाऱ्यांची नावं, सही आणि तारखेसकट छापतो, आणि १९१७ चं अमेरिकन विद्यापीठ शीर्षकात एक नाव घालत नाही.

(आता कुणी म्हणेल व्हॅन रीडला मसाल्याचा व्यापार करायचा होता. होताच. म्हणून तर अचूक माहिती हवी होती.)

---

शेवंती (१४ फेब्रुवारी)

भोपळेरावांनी मूळ लेखात विचारलं होतं, आपल्याकडे कुणी 'मी' म्हणून सांगितलंय का. झाडांबद्दल नेमकं नाही, पण जात्यावरच्या ओव्या बघा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीला गाणारीचं नाव, गाव आहे. त्यात शेत आहे, पीक आहे, तुळस आहे, बाभूळ आहे. कुणी नुसती झाडं वेचून काढली तर त्यातून वनस्पतींचं पुस्तक होईल.

देवरायांवर वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांचं सत्तरच्या दशकातलं काम आहेच, पण तिथे बोलणारे अभ्यासक आहेत. राईत उदबत्ती लावणारी म्हातारी बोलत नाही.

---

कोरेगावकर (१६ फेब्रुवारी)

मी शेतकरी माणूस, पुस्तकातलं कळत नाही, शेतातलं विचारतो.

१. मका किती अंतरावर? घेवडा मक्यातच का वेगळा?
२. बी कसं धरायचे?
३. पेरणीची वेळ कशावरून ठरवायचे? तिकडे मृग नाही ना.

आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला, तोही मूळचा अमेरिकेतलाच असं कृषीवाले सांगतात. मग हे लोक आमच्या घेवड्याचे चुलते झाले.

---

भटका भोपळा (१६ फेब्रुवारी)

चुलतेच! मका, घेवडा, लाल भोपळा, सूर्यफूल, चारही अमेरिकेतून आले. (माझं टोपणनावसुद्धा.) त्यातलं सूर्यफूल तर उत्तर अमेरिकेतलंच.

मातीचे छोटे ढीग करायचे, साधारण चार-चार फुटांवर, आणि प्रत्येकात सहा-आठ दाणे टोकायचे. घेवडा मक्याच्या ओळींच्या मधे. सूर्यफूल सगळ्यांत आधी, एप्रिलमध्ये, शेताच्या कडेकडेने, आठ-नऊ पावलांवर एक. भोपळ्याच्या बियांना आधी मोड आणायचे, आपण मटकीला आणतो तसे. ओलं गवत आणि पाल्यात बिया ठेवून बायसनच्या कातड्यात गुंडाळायच्या आणि घरात उबेला टांगायच्या.

बी दोन वर्षं पुरेल इतकं ठेवायचं, एक हंगाम बुडाला तरी वाण बुडू नये. मक्याचे नऊ वाण होते, कडक पांढरा, मऊ पांढरा, पिवळा, चिकट असे. एकमेकांपासून लांब लावायचे. का? 'मका चालतो' म्हणे! शेजारणीने दुसरा वाण जवळ लावला की आपल्या कणसात तिचे दाणे निघतात. परागकण हा शब्द नाही, पण निरीक्षण पक्कं.

आणि वेळ? रानातल्या गूसबेरीच्या झुडपाला पानं फुटली की मका टोकायचा. तारीख नाही, झुडूप.

---

कोरेगावकर (१७ फेब्रुवारी)

'मका चालतो' हे आवडलं. आमची आजी दोडक्याचं, काकडीचं बी शेणात थापून भिंतीला चिकटवायची. मक्याची बियाण्याची कणसं सालासकट बांधून आढ्याला, चुलीच्या वर. धुराने किडा लागत नाही. आता पिशवी आणतो दुकानातून. मागच्या वर्षी त्यातलं निम्मं उगवलं नाही, पावती दाखवली तर म्हणाले तुमच्या जमिनीत दोष. पंचवीस वर्षं त्याच जमिनीत उगवतंय. असो.

---

टिंबटिंब (१८ फेब्रुवारी)

बफेलो बर्ड वुमनचं गाव आता कुठे आहे? बघता येतं?

---

भटका भोपळा (२१ फेब्रुवारी)

मागच्या सप्टेंबरात नॉर्थ डाकोटात गेलो होतो, तेव्हा ही पुस्तकं वाचलेली नव्हती. मूर्खासारखा एका दुपारीत पाहून आलो.

तिचा जन्म नाइफ नदीकाठच्या वस्तीतला. तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे. मातीचं एक गोल घर नव्याने बांधून ठेवलंय, आत शिरलं की गारवा आणि ओल्या लाकडाचा वास. पण खरं बघायचं ते बाहेर, गवतात. सबंध पठारावर उथळ खळगे, गोल, एकाला लागून एक, शंभरेक वाटीचे ठसे उमटवावेत तसे. प्रत्येक खळगा म्हणजे एक घर. १८३७ मध्ये मिसुरीतून वर येणाऱ्या आगबोटीबरोबर देवी आल्या. शेजारच्या मँडन जमातीची सव्वाशे-दीडशे माणसं उरली. हिदात्साही निम्म्यावर आले. १८४५ मध्ये उरलेले लोक वर सरकून 'लाइक-अ-फिशहुक' नावाच्या नव्या गावात एकत्र राहिले. पुस्तकातली शेती मुख्यतः तिथली.

ते गाव बघता येत नाही. १९५३ मध्ये गॅरिसन धरण पुरं झालं आणि रिझर्व्हेशनची दीड लाख एकरांवर जमीन बुडाली, तीही नेमकी नदीकाठची मऊ माती. १९४८ साली करारावर सही होताना जमातीचे अध्यक्ष जॉर्ज गिलेट चष्मा काढून तोंडावर हात धरून रडतायत, असा फोटो आहे. बाकीचे सूटवाले शांतपणे टेबलाकडे बघतायत.

---

कोरेगावकर (२१ फेब्रुवारी)

आमचे मामा कोयनेत बुडालेल्या गावचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो असं सांगायचे. फोटो नाही कुणाचा.

---

हिरडा बेहडा (२२ फेब्रुवारी)

सूर्यफुलाबद्दल राहिलं. विल्सनच्या पुस्तकात आहे, योद्धे भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांच्या कुटाचा लाडू बायसनच्या हृदयाच्या कातडीत गुंडाळून पिशवीत ठेवायचे. थकवा आला, झोप अनावर झाली की थोडा कुरतडायचा. आपल्याकडे मावळ्यांच्या कमरेला काय असायचं यावर इथे तीन धागे भांडून बंद झालेत, त्यामुळे तुलना करत नाही.

---

भटका भोपळा (१९ मे)

धागा वर काढतोय, माफ करा.

घरामागे दहा बाय बाराचा तुकडा आहे. बियाणं मिळालं, ग्रेट नॉर्दर्न घेवडा. बिस्मार्कच्या ऑस्कर विल नावाच्या बियाणेवाल्याला फोर्ट बर्थोल्डच्या एका हिदात्सा माणसाने १८८० च्या दशकात दिलेला वाण. आज इथे प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात डब्यात मिळतो, डब्यावर हिदात्सा हा शब्द नाही. निरुपद्रवी, तुमच्यासाठी हे मुद्दाम.

गूसबेरीचं झुडूप शोधायला दोन रविवार गेले. शेवटी ओढ्याकाठी सापडलं, एप्रिलअखेर पानं फुटली. मी मे उजाडेपर्यंत थांबून मका टोकला. भोपळ्याच्या बियांना ओल्या पंचात मोड आणले, बायसन उपलब्ध नव्हता. सूर्यफूल कडेने लावलं होतं सगळ्यांत आधी, बरोबर आठ पावलांवर. आठ पावलांत माझं शेतच संपतं, त्यामुळे रोपं एकूण पाच.

त्यातली तीन खारीने नेली.

---

शेवंती (१९ मे)

माळा बांधा आणि गाणी म्हणा! सतराचा पाढा पाठवू का?

---

टिंबटिंब (१९ मे)

खारीशी सौदा करून बघा. बदल्यात काहीतरी ठेवा.

---

भटका भोपळा (२३ मे)

ठेवले. मूठभर भुईमुगाचे दाणे, रोपांपासून लांब, कुंपणाच्या खांबावर. आज सकाळी दाणेही नव्हते आणि चौथं रोपही.